कलम सात

फाइल आली रात्री पावणेदहाला, सातपूरच्या प्रेसशॉपमधून.
एकतीस पानं, जर्मनमधून इंग्रजीत, शुक्रवारपर्यंत.
खाली मधुसूदन खैरनारांची एक ओळ:
ताई, साधंच आहे. सहकार्याचा करार.

साधंच.
सहकार्याला माझ्याकडे बावीस शब्द आहेत,
आईच्या शिवणाच्या वहीत उतरवलेले.
पहिल्या पानांवर अजून तिची मापं, छाती चौतीस, बाही नऊ,
त्याखाली माझं, त्सुझामेनआर्बाइट,
एकत्र काम. इथपर्यंत ठीक.
पुढे एकत्र येणं, एकमेकांत विरून जाणं,
एका कामापुरतं जमणं आणि काम उरकलं की
आपापल्या दाराला.
याला आमच्या दिंडोरीकडे सावड म्हणतात.
मी जॉइंट व्हेंचर टाइप करते
आणि थोडं सांडतं, दर वेळी.

पान तीन. आउफ आउगेनह्योअ.
डोळ्यांच्या उंचीवर.
दोन कंपन्या समोरासमोर,
कुणी मान वर करायची नाही, कुणी वाकायचं नाही.
इंग्रजीत त्याचं होतं ईक्वल फुटिंग,
डोळ्यांतली बरोबरी थेट पायांत उतरते.
मला मराठीत विचारलं असतं
तर खांद्याला खांदा म्हणाले असते.
विचारलं नाही कुणी.

पान अकरा. श्टिलर गेझेलशाफ्टर.
गप्प भागीदार.
पैसा घालतो, पाटीवर नाव नाही,
सभेत बोलायचं नाही.
मी चष्मा पुसत हसले,
या टेबलावर मराठीही तीच.

पान चौदाला फेडरफ्युरुंग, म्हणजे पीस चालवणं.
पीस ज्याच्या हातात, त्याच्या मागे सगळे.
पीस कुणाच्या हातात, ते पुढच्याच ओळीत होतं.
श्टुटगार्टजवळच्या एका गावाचं नाव.

मग कलम सात.
बेटायलिगुंग.
कोशात दोन अर्थ शेजारी शेजारी, सख्ख्या जावांसारखे,
सहभाग आणि हिस्सा.
पार्टिसिपेशन लिहिलं असतं तर कुणी अडवलं नसतं,
हळदीकुंकवाला येऊन गेल्यासारखा शब्द,
वाण घेतलं, निघाला.
पण खाली बारीक अक्षरात आकडे होते.
सव्वीस टक्के. पाचव्या वर्षापासून एक्कावन्न.

अनुवादकाने सल्ला द्यायचा नाही,
हे पुण्यात पहिल्याच वर्षी शिकवलेलं.
मी उठले, गॅसवर दूध ठेवलं.
इंदिरानगरच्या मागच्या रस्त्यावर सेकंड शिफ्टची बस थांबली,
माणसं उतरली, पांगली.

थोरल्या दिरांच्या मळ्यात एकदा कलम बांधताना पाहिलं होतं.
खाली रानटी खुंट,
मुरमाला न घाबरणारा, पाण्याचा ताण सोसणारा.
वर दुसऱ्या जातीची काडी, पाचर देऊन, पट्टी आवळून.
दोन वर्षांनी द्राक्षं विकली गेली काडीच्या नावाने.
खुंटाचं नाव व्यापाऱ्याने विचारलं नाही,
दिरांनी सांगितलं नाही.
काडीवर जे फुगतं
त्यालाही डोळाच म्हणतात.

दूध उतू गेलं.
मी परत येऊन लिहिलं, ईक्विटी स्टेक.
आकडे जसेच्या तसे.
ठळक नाही, अधोरेखित नाही.

शुक्रवारी सव्वाबाराला फोन.
मागे प्रेस पडत होता, धप्प, धप्प,
प्रत्येक धप्पला एक वॉशर.
"ताई, हे कलम सात. मूळ जर्मनमध्ये होतं हे?"
"होतं."
"असंच?"
"असंच."
"त्यांनी पाठवलेल्या इंग्रजी सारांशात
नुसतं पार्टनरशिप लिहिलंय."
मी गप्प.
जेवणाची सुट्टी झाली असावी, प्रेस थांबला.
मग मला त्यांचा श्वास ऐकू आला,
साठीच्या माणसाचा, थोडी शिट्टी असलेला.
"बरं," ते म्हणाले. "बिल पाठवून द्या."

मी मूळ शब्दांवर मोजते.
बेटायलिगुंग, एक शब्द.
दोन रुपये ऐंशी पैसे.